पगारवाढीचं पाणी कुठे मुरतं?

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय किमान वेतन एप्रिल १९९९मध्ये पहिल्यांदा लागू झालं, तेव्हा प्रौढ कामगाराचा दर तासाला ३ पौंड ६० पेन्स होता. एप्रिल २०२५मध्ये तो १२ पौंड २१ पेन्सवर पोहोचला. मधल्या सव्वीस वर्षांतली महागाई वजा केली तरी ही वाढ घसघशीत आहे. म्हणजे तळाच्या कामगाराचे दिवस पालटायला हवे होते. प्रत्यक्षात काय झालं? ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या फूड बँकांनी २०१०-११मध्ये सुमारे ६१ हजार शिध्याची पाकिटं वाटली होती. २०२३-२४मध्ये हा आकडा ३१ लाखांवर गेला. सरकारी मोजणीनुसार राहत्या घराचा खर्च वजा जाता दारिद्र्यात राहणारी मुलं २०२३-२४मध्ये सुमारे ४५ लाख होती, आणि त्यांतली दहापैकी सात मुलं अशा घरांतली होती जिथे कोणी ना कोणी कामावर जातं. काम आहे, पगार वाढलाय, तरी महिनाअखेर चूल थंड. पाणी कुठेतरी मुरतंय हे उघड आहे. ते घरभाड्यात मुरतं, आणि भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत आटत गेल्यामुळे ते अधिकच वेगानं मुरतं. कमी पगार, महाग घर आणि कापलेली मदत या सरकारदरबारी तीन वेगवेगळ्या खात्यांच्या फायली असतात. कुटुंबाच्या वहीत मात्र हा एकच हिशेब असतो, आणि तो एकत्र मांडल्याशिवाय पगारवाढीचं काय होतं ते कळत नाही.

हा हिशेब जरा जवळून पाहू. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, तासाला १२ पौंड २१ पेन्स. वर्षाचे झाले साधारण २३,८०० पौंड. त्यातून प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी गेली की हातात महिन्याला १,७२० पौंडांच्या आसपास पडतात. आता भाड्याकडे वळू. २०२५च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये खासगी घराचं सरासरी भाडं महिना १,३०० पौंडांच्या वर होतं आणि लंडनमध्ये २,२०० पौंडांच्या वर. किमान वेतनावरचा माणूस सरासरी घर घेत नाही, तो त्याहून लहान, जुनं, लांबचं घर शोधतो, हे खरं. पण ईशान्य इंग्लंडात, म्हणजे देशातल्या सगळ्यात स्वस्त भागात, सरासरी भाडं सातशे पौंडांच्या आसपास होतं, आणि तेसुद्धा या पगाराच्या चाळीस टक्क्यांवर जातं. राजधानीत तर पूर्ण पगार ओतला तरी सरासरी घराचं भाडं भागत नाही. शिवाय हा हिशेब पूर्णवेळ नोकरीचा आहे. दुकानं, उपाहारगृहं, घरपोच काळजीसेवा आणि सफाई या क्षेत्रांत आठवड्याचे तास कमीजास्त होत राहतात. भाडं मात्र ठरल्या तारखेला पूर्णच द्यावं लागतं.

ही दरी भरून काढायला सरकारी मदत आहे. २०१२च्या कायद्यानं सहा जुन्या मदतींची मोट बांधून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही एकच योजना आणली. भाड्याचा काही भाग, मुलांसाठीची रक्कम आणि अपुऱ्या पगाराला जोड हे सगळं त्यातूनच मिळतं. कमाई वाढेल तशी ही मदत कमी होत जाते, आणि तिथेच मेख आहे. भाड्याची मदत घेणाऱ्या एखाद्या एकट्या आईनं जास्तीचे तास करून एक पौंड अधिक कमावला असं समजा. वीस पेन्स प्राप्तिकरात जातात, आठ पेन्स राष्ट्रीय विम्यात. उरतात बहात्तर. या निव्वळ कमाईतल्या दर पौंडामागे मदत पंचावन्न पेन्सनी घटते, म्हणजे आणखी जवळपास चाळीस पेन्स गेले. शेवटी तिच्या हातात पडतात बत्तीस. त्याच देशातल्या सर्वांत श्रीमंत पगारदाराच्या वरच्या पौंडावर कर आणि विमा मिळून सत्तेचाळीस पेन्स कापले जातात. या बाईच्या पौंडातले अडुसष्ट जातात. किमान वेतन वाढलं म्हणून सरकारनं पाठ थोपटून घ्यावी आणि त्या वाढीतला मोठा हिस्सा मदत घटवून तिजोरीत परत घ्यावा, असा हा व्यवहार आहे. मदत गरजेनुसार द्यायची तर कमाईबरोबर ती कुठेतरी कमी करावी लागणारच, हे मान्य. पण ती किती वेगानं कमी व्हावी हा राजकीय निर्णय असतो: पंचावन्नचा हा दर २०२१च्या अखेरीपर्यंत त्रेसष्ट होता.

उरलेल्या बत्तीस पेन्सची वाट भाडं पाहत असतं. खासगी घराच्या भाड्यासाठी किती मदत द्यायची हे ‘लोकल हाउसिंग अलाउन्स’ नावाच्या दरपत्रकावर ठरतं. २००८मध्ये ही पद्धत देशभर आली तेव्हा त्या भागातली घरं भाड्याच्या क्रमानं लावली तर मधोमध जे घर येईल, त्याच्या भाड्याएवढी मदत मिळे. २०११मध्ये ही रेष मध्यावरून खाली आणली गेली: दहा घरं क्रमानं लावली तर खालून तिसऱ्याच्या भाड्याइतकी. त्यानंतर दराचा बाजारभावाशी असलेला संबंधच तोडला गेला. आधी तो सर्वसाधारण महागाईला बांधला, मग वर्षाला एक टक्का वाढ, आणि २०१६ ते २०२० अशी चार वर्षं पूर्ण गोठवण. कोविडच्या लाटेत दर पुन्हा तिसऱ्या घरापर्यंत आणले आणि लगेच तिथेच थिजवले. २०२४मध्ये पुन्हा वाढवले आणि २०२५मध्ये पुन्हा थिजवले. मार्च २०२४पर्यंतच्या एका वर्षात खासगी भाडी सरासरी ९.२ टक्क्यांनी वाढली होती. दर जागच्या जागी आणि भाडी पुढे, म्हणजे मधला फरक भाडेकरूनं किराणा आणि विजेच्या पैशांतून काढायचा. एका रकमेलाही कात्री न लावता, कोणतीही घोषणा न करता कपात कशी करायची, याचा हा नमुना आहे.

उघड कपातीही झाल्याच. २०१३मध्ये सरकारी भाड्याच्या घरात एक खोली ‘जास्त’ असेल तर भाड्याच्या मदतीत चौदा टक्के आणि दोन असतील तर पंचवीस टक्के कपात आली. लोकांनी तिला ‘बेडरूम टॅक्स’ हे नाव दिलं. त्याच वर्षी ‘बेनिफिट कॅप’ आली: कमाई ठरावीक रकमेपेक्षा कमी असलेल्या कुटुंबाला सगळी मदत मिळून अमुक रकमेच्या वर काही नाही, मग भाडं कितीही असो. ही मर्यादा पहिल्यांदा वर्षाला २६ हजार पौंड होती. २०१६मध्ये ती लंडनसाठी २३ हजार आणि इतरत्र २० हजारांवर आणली गेली. एप्रिल २०१७पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठीची मदत बंद झाली. ही शेवटची अट एप्रिल २०२६पासून उठवण्याचं नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, पण बेनिफिट कॅप कायम ठेवली गेली. त्यामुळे महागड्या शहरातल्या मोठ्या कुटुंबाला एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं अडवलं जाण्याची सोय शिल्लक आहेच.

हे असं का झालं याचं उत्तर पगाराच्या इतिहासात सापडत नाही, ते घरांच्या इतिहासात सापडतं. १९१५मध्ये युद्धकाळात ग्लासगोच्या घरमालकांनी भाडी वाढवली तेव्हा मेरी बार्बर आणि तिच्या सोबतच्या बायकांनी भाडं न भरण्याचा संप पुकारला, आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. तीनच वर्षांनी, १९१८मध्ये, मुंबईतही युद्धकालीन भाडेनियंत्रण आलं. पुढे ब्रिटनमध्ये स्थानिक नगरपालिकांनी, म्हणजे कौन्सिलांनी, कामगारांसाठी घरं बांधायला घेतली; १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तर वर्षाला दोन लाखांहून अधिक अशी घरं उभी राहिली. १९४२च्या आपल्या गाजलेल्या अहवालात विल्यम बेव्हरिजनं सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडला तेव्हा भाड्याच्या प्रश्नावर त्यानं वेगळा विभाग लिहिला होता. भाडं जागोजागी इतकं वेगळं, की सर्वांना सारखी मदत देण्याच्या तत्त्वात ते बसतच नाही, ही अडचण त्यानं मोकळेपणानं नोंदवली. स्वस्त सरकारी घरांनी ती पुढची काही दशकं झाकून ठेवली. १९७९च्या सुमारास देशातली जवळपास एक तृतीयांश कुटुंबं अशा घरांत राहत होती.

मग १९८०चा कायदा आला. राहत्या भाडेकरूला कौन्सिलचं घर भरघोस सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. अनेक कामगार कुटुंबं यातून घरमालक झाली, हे नाकारण्याचं कारण नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी नवी घरं बांधली गेली नाहीत. इंग्लंडात सुमारे वीस लाख घरं अशी विकली गेली, आणि एकेकाळी वर्षाला लाखांनी बांधणाऱ्या कौन्सिलांचं नवं बांधकाम शतकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आलं. १९८८च्या कायद्यानं नव्या खासगी करारांवरचं भाडेनियंत्रण काढलं. बाजारभावानं भाडी वाढली आणि ती कोणाला झेपली नाहीत, तर भाड्याची सरकारी मदत तो भार उचलेल, असं तेव्हाचे मंत्री संसदेत सांगत होते. १९७०च्या दशकाच्या मध्याला घरांवरच्या सरकारी अनुदानातला ऐंशी टक्क्यांहून अधिक पैसा बांधकामावर आणि घरं स्वस्त ठेवण्यावर जाई; २०००पर्यंत पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक पैसा भाड्याच्या मदतीवर जाऊ लागला. या उलटापालटीचा सर्वांत बोलका पुरावा लंडनमध्ये आहे. तिथे सवलतीत विकलेल्या कौन्सिलच्या फ्लॅटांपैकी साधारण चाळीस टक्के आज खासगी भाड्यानं दिलेले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या भाडेकरूंचं भाडं सरकारच भरतं. ज्या घराचं सरकार मालक होतं, त्याच घरासाठी आता दुप्पट मोजायचं. आवळा देऊन कोहळा काढतात असं ऐकलं होतं; इथे कोहळा देऊन आवळा घेतला गेला. आणि हे बिल फुगलं तेव्हा, म्हणजे २०११नंतर, सरकारनं घरं बांधायला न घेता बिलच कमी भरायचं ठरवलं.

या मांडणीवर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. भाड्याची मदत शेवटी घरमालकाच्याच खिशात जाते, तेव्हा ती कमी केली तर भाडीही उतरतील. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खोटा नाही. गाब्रिएल फाक यांच्या फ्रान्सवरच्या २००६च्या अभ्यासात आढळलं की मदत एक युरोनं वाढली की भाडं साधारण ७८ सेंटनं वाढतं. पण मदत वाढवली की भाडं चढतं, म्हणून ती कमी केली की भाडं उतरेल, असं होत नाही. ब्रिटनच्या २०११च्या कपातीचा परिणाम तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अभ्यासकांनी मोजला, तेव्हा कपातीचा सुमारे नव्वद टक्के भार भाडेकरूंवर पडल्याचं दिसलं; घरमालकांनी जेमतेम दहावा हिस्सा सोसला. दोन्ही देशांचे बाजार वेगळे आहेत हे लक्षात घेऊनही कारण समजण्यासारखं आहे. घरमालकाकडे दुसरा भाडेकरू असतो, भाडेकरूकडे दुसरं घर नसतं. मुलांची शाळा, कामाची जागा, अनामत रक्कम, सामान हलवण्याचा खर्च या सगळ्यानं तो बांधलेला असतो. जिथे घरं अपुरी आहेत तिथे मदत वाढली की फायदा मालकाचा आणि घटली की तोटा भाडेकरूचा. म्हणून मदत हा कायमचा इलाज नाही हे खरं, पण घरं न बांधता ती कापणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

दुसरा आक्षेप जुना आहे, दोनशे वर्षांहून जुना. पगाराला सरकारी जोड दिली की मालक पगार कमी देतात आणि कामगार आळशी होतात. १७९५मध्ये इंग्लंडच्या बर्कशर परगण्यातल्या दंडाधिकाऱ्यांनी स्पीनहॅमलँड इथे ठरवलं, की पावाच्या किमतीनुसार आणि घरातल्या तोंडांनुसार मजुरीला भर घालायची. १८३४च्या गरीब कायद्याच्या अहवालानं याच पद्धतीवर सगळं खापर फोडलं आणि त्यातून कडक नियमांची श्रमगृहं (वर्कहाउस) उभी राहिली. पण १९६३मध्ये अर्थशास्त्रज्ञ मार्क ब्लॉग यांनी जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा अहवालाचे निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाहीत असं त्यांनी दाखवून दिलं. मजुरी कमी होती म्हणून मदत द्यावी लागत होती, मदत होती म्हणून मजुरी घसरली असं नव्हे. आज तर कायद्यानं ठरलेलं किमान वेतन आहे. त्याच्या खाली मालकाला जाताच येत नाही. आळसाबद्दल म्हणायचं तर मघाचा हिशेब पुरे. जास्तीच्या पौंडातले बत्तीस पेन्स हातात राहत असतानाही लाखो माणसं काम करतात. कामाची ओढ कमी करणारी गोष्ट इथे कुठली असेल, तर ती मदत कापण्याचा वेग आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी वाटतो: झेपत नसेल तर स्वस्त भागात जा. पण स्वस्त भाग स्वस्त असतो तो बहुतेकदा तिथे काम कमी असतं म्हणूनच. लंडनची रुग्णालयं, कार्यालयं आणि वृद्धांची घरं झाडायला, पुसायला, सांभाळायला माणसं लंडनमध्येच लागतात. त्यांना दूर पाठवलं तर भाड्यात वाचलेलं रेल्वेच्या तिकिटात जातं आणि मूल सांभाळणारी आजी मागे राहते. ज्यांना भाडं झेपेनासं होऊन घर सोडावं लागतं, त्यांतल्या अनेकांना कायद्यानुसार कौन्सिलला तात्पुरता निवारा द्यावा लागतो. जून २०२४अखेर इंग्लंडात १ लाख २३ हजार कुटुंबं अशा निवाऱ्यात होती, आणि त्यांत सुमारे १ लाख ५९ हजार मुलं होती. २०२३-२४मध्ये यावर कौन्सिलांचे सुमारे २.३ अब्ज पौंड खर्च झाले. गंमत म्हणजे या खर्चाची केंद्राकडून होणारी भरपाई २०११च्या दरांवरच अडकलेली आहे. वरचा फरक कौन्सिल आपल्या तिजोरीतून भरते, आणि त्यासाठी वाचनालयं आणि युवक केंद्रं बंद करते. एका खात्यानं वाचवलेले पैसे दुसऱ्या खात्यानं दामदुप्पट मोजायचे, याला काटकसर म्हणता येत नाही.

मग भाडीच कायद्यानं बांधून टाकावीत का? हा आक्षेप उलट्या बाजूनं येतो, आणि त्याचं उत्तर मराठी वाचकाला दुसरीकडे शोधावं लागत नाही. मुंबईच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली आणि ती दशकानुदशकं तशीच राहिली. आत असलेल्या कुटुंबांना त्यानं खरोखर आधार दिला. गिरणगावातल्या कामगारानं तुटपुंज्या मजुरीत मुलं शिकवली, त्यात या भाड्याचा वाटा मोठा होता. पण डागडुजीला पैसा नाही म्हणून इमारती खंगल्या, भाड्याच्या जागी पागडी आली, नवी भाड्याची घरं बांधणं कोणाला परवडेना, आणि बाहेरून येणाऱ्याच्या वाट्याला झोपडपट्टी आली. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवावी लागली. यातून दिसतं ते एवढंच: मदतीचा दर गोठवला तर भाडेकरू मरतो, भाडं गोठवलं तर इमारत. राहत्या भाडेकरूला अचानक वाढीपासून आणि विनाकारण घराबाहेर काढण्यापासून संरक्षण हवंच. पण संरक्षणामुळे एकही नवी खोली बांधली जात नाही.

इथे शेवटचा आक्षेप पैशांचा. बांधायला पैसा कुठून आणायचा? ब्रिटन आजही भाड्याच्या मदतीवर वर्षाला तीस अब्ज पौंडांच्या वर खर्च करतो. म्हणजे प्रश्न पैसा आहे की नाही हा नाही, तो कशावर जातो हा आहे. भाड्यापोटी दिलेला पौंड महिनाअखेर संपतो. विटेत घातलेला पौंड साठ-सत्तर वर्षं भाडं देतो आणि मदतीचं बिल कमी करतो. अर्थात घर उभं राहायला वर्षं लागतात, आणि तोवर माणसांनी रस्त्यावर राहायचं नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी मदतीचा दर प्रत्यक्ष भाड्याशी कायद्यानं जोडावा, म्हणजे दरवर्षी मंत्र्याच्या मर्जीवर तो थिजणार नाही. सोबत सरकारी घरांचं बांधकाम वाढवावं. आणि घरं वाढून भाडी आटोक्यात येतील तसा मदतीचा खर्च आपोआप उतरू द्यावा. ब्रिटननं नेमका उलटा क्रम धरला: आधी घरं विकली, मग बांधणं थांबवलं, आणि शेवटी मदत कापली.

हे सगळं सातासमुद्रापारचं म्हणून सोडून देता येणार नाही. ब्रिटनमध्ये केअर वर्कर किंवा परिचारिका म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या व्हिसावर सहसा सरकारी मदत न घेण्याची अट असते. भाडी तीच, कर तोच, पण वर पाहिलेली मोडकी मदतही त्यांच्या वाट्याला नाही. पगाराचा आकडा रुपयांत गुणून पाहण्याआधी तिथल्या गावाचं भाडं त्यातून वजा करून पाहावं. आणि इथल्या हिशेबातही तीच चूक बसलेली आहे. १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचा पाया ठरवताना अन्न आणि कापडाबरोबर घरभाडंही धरलं होतं. केंद्राच्या वेतन संहितेच्या २०२०मधल्या नियमांच्या मसुद्यात या भाड्याचं माप ठरवलं गेलं ते अन्न आणि कापड यांच्या खर्चाच्या दहा टक्के. म्हणजे कुटुंबाच्या खाण्या-नेसण्याला महिना दहा हजार रुपये लागत असतील, तर घराला धरायचे एक हजार. पुणे, ठाणे, नाशिक किंवा पणजीत हजार रुपयांत काय भाड्यानं मिळतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या किमान वेतनातला खड्डा दिसतो. किमान वेतनाचा नवा दर पुढच्या वेळी जाहीर होईल तेव्हा तो किती रुपयांनी वाढला हे विचारून थांबू नका. त्यात भाडं किती धरलंय, ते आधी विचारा.